नारो तांबटाचे भोकांचे पातेले

“हे पातेले आहे की चाळण?” भानुदेव महाराजांनी नव्या पातेल्यातली जाळीदार चकती डोळ्यांसमोर धरून भर दरबारात विचारले.

“त्या चकतीवर हळदीच्या पानातल्या पातोळ्या वाफवायच्या, महाराज,” नारो तांबट चाचरत म्हणाला. “लोक नुसते पाहतील आणि घेतील!”

“नुसते पाहून? मग तसेच घेऊ देत! आठ दिवसांत दोनशे पातेली वीक. दवंडी पिटायची नाही, किंमत उतरवायची नाही, पातेल्याविषयी अवाक्षर काढायचे नाही. एक जरी उरले, तर दुकानाला कायमचे कुलूप!”

नारोची मुलगी येसू दुसऱ्या दिवशी पातेली घेऊन थेट पाणवठ्यावर गेली आणि तिने तीन दगडांची चूल मांडली. गावातल्या बायका भांड्याच्या तोंडाला फडके बांधून पातोळ्या वाफवीत. फडके झोळ खाई आणि निम्म्या पातोळ्या पाण्यात बुडून फुटत.

“अगो, फडके विसरलीस की काय?” पाणी भरायला आलेल्या द्वारकाकाकू फिसकन हसल्या.

येसूने झाकण उघडले आणि एक गरम पातोळी निमूट त्यांच्या हातावर ठेवली.

“बाई गं! एकसुद्धा फुटली नाही!”

दुसऱ्या दिवशी द्वारकाकाकूंची चूल शेजारी पेटली. सहाव्या दिवशी तिथे नऊ चुली होत्या आणि एकशे चाळीस पातेली खपली होती. पण वरच्या आळीतले मानकरी नाक मुरडत म्हणाले, “पाणवठ्यावरचे भांडे आमच्या घरात? छे!”

साठ पातेली तशीच पडून! येसूने महाराजांनी पहाऱ्यावर ठेवलेल्या शिपायाला गाठले. “महाराजांना सांगा, मी अट पाळते की नाही, ते त्यांनी स्वतः येऊन पाहावे.”

आठव्या दिवशी महाराज आले. तासभर उभे राहिले. येसूच्या तोंडून शब्द फुटला नाही. महाराजांनी मात्र चार पातोळ्या फस्त केल्या. मागे मानकऱ्यांची गर्दी जमली. संध्याकाळी एकही पातेले उरले नाही.

“कबूल कर!” महाराज गरजले. “शेवटची साठ विकताना तू नक्की तोंड उघडलेस!”

“ती साठ मी विकलीच नाहीत, महाराज.”

“मग कोणी विकली?”

“आपण! बायका द्वारकाकाकूंकडे पाहून शिकल्या. मानकरी शिकणार कोणाकडे पाहून? आपण बोटे चाटलीत आणि त्यांनी पातेली उचलली!”

महाराज असे खदखदून हसले, की पाणवठ्यावरची कबुतरे उडाली. त्यांनी नारोला राजवाड्याच्या मुदपाकखान्याचा तांबट नेमले, येसूला पाणवठ्याशेजारी पक्के दुकान दिले आणि राणीसाहेबांसाठी दोनशे एकावे पातेले तत्काळ ठोकायला सांगितले!