समोर ठेवलेलं ताट

"माझंच शरीर मला परकं समजून मारतंय, भंतेजी. मग मी कोणाच्या बाजूने उभं राहायचं?"

भंते सुमेध म्हणाले, "आधी बसा."

उत्पला बसली नाही.

वैनगंगेच्या काठी, गावाबाहेर, लहानसा विहार. भंतेंना रोज एका घराने भोजनदान करायचं, अशी गावाची रीत. आज पाळी उत्पलाच्या घरची होती. आई तापाने पडलेली, म्हणून डबा घेऊन तीच आली. परदेशात शिकून परतल्यापासून ती विहारात पहिल्यांदाच येत होती. तिने ताट वाढलं, भंतेंसमोर चटईवर ठेवलं आणि ओले हात पुसायच्या आत विचारायला लागली.

"थायरॉइडचं दुखणं आहे." तिने गळ्यावर बोट टेकवलं. "रोगाशी लढणारी शरीरातली जी ताकद असते ना, ती माझ्यात या ग्रंथीवरच उठलीय. हळूहळू संपवतेय तिला. त्यात गाठी झाल्यात. सुई घालून तपासल्या. डॉक्टर म्हणतात, साध्या आहेत, लक्ष ठेवू."

"मग ठेवा."

"किती दिवस?"

भंतेंनी नकारार्थी मान हलवली.

"हेच. हे कोणीच सांगत नाही. काढतही नाहीत, बरंही करत नाहीत. सकाळी जाग आली की आधी हात गळ्याकडे जातो. वाढली, असं वाटतं. मग नाही वाटत. मग परत..."

ती खिडकीपाशी गेली. परत आली.

"औषध दिलं असेल," भंते म्हणाले.

"रोज पहाटे एक गोळी. जन्मभर. मी बंद केली."

भंतेंनी वर पाहिलं.

"महिना होईल," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "मी वर्गात मुलींना काय सांगते, माहीत आहे? कोणाच्या तोंडाकडे बघत जगू नका. त्यासाठी तर परत आले मी. आणि स्वतः एका गोळीच्या तोंडाकडे बघत जगू?"

"वर्ग कसा चाललाय?"

उत्पला जरा थांबली.

"परवा शिकवता शिकवता डोळा लागला. कोणी हसलं नाही. जाग आली तेव्हा अंगावर एकीची ओढणी होती."

ती भंतेंकडे वळली.

"मला ध्यान शिकवा, भंतेजी. मनाने शरीर ताब्यात आणता येतं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"मला नाही कोणी सांगितलं."

"तुम्हाला गरजच काय?" ती पुन्हा चालायला लागली. "तुम्ही मोकळे. घर नाही, संसार नाही. कशावर अवलंबून नाही. मला तसं व्हायचंय."

वरणावर साय धरली होती. दारातली उन्हाची पट्टी आखडत आखडत उंबऱ्याला टेकली, मग उंबऱ्याबाहेर गेली. भंतेंनी तिकडे एकदा पाहिलं आणि ताटाला हात जोडले.

तेव्हा कुठे उत्पलाचं ताटाकडे लक्ष गेलं.

"जेवला नाहीत तुम्ही?"

"नाही."

"भाजी तिखट वाटली का? तापातही आईनेच केलीय, मी नाही."

"वास तर चांगला आला."

"मग?"

"कोणी दिलं नाही."

"हे काय, समोर तर आहे."

"ठेवलेलं आहे. भिक्खूने कोणी हातात दिल्याशिवाय घास घ्यायचा नसतो."

"मग मागायचं ना."

"मागायचंही नसतं."

तिने घाईघाईने खाली वाकून ताट दोन्ही हातांनी उचललं. "घ्या. आता देतेय."

"दुपार कलली. मध्यान्हानंतर भिक्खूने जेवायचं नसतं. आता उद्या सकाळी."

उत्पला ताट मांडीवर घेऊन बसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

"माझ्यामुळे उपाशी राहिलात."

"याआधीही राहिलोय."

"आणि मी म्हणत होते, तुम्ही कशावर अवलंबून नाही..."

"ऐकलं मी. भात समोर असूनही ऐकलं."

"राग नाही आला?"

"भूक आली."

तिला हसू आलं.

भंतेंनी विचारलं, "गोळ्या कुठे आहेत?"

"पिशवीत. आई रोज पिशवीत टाकते, मी रोज काढून ठेवते. आज काढायच्या राहिल्या."

तिने पाकीट काढून त्यांच्यासमोर चटईवर ठेवलं.

भंतेंनी हात लावला नाही.

ती पाहत राहिली... मग तिने पाकीट उचललं आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते घेतलं. आणि तसंच, दोन्ही हातांनी, तिच्यापुढे धरलं.

उत्पलाचे हात मांडीवर, ताटाच्या कडेला होते. तिथून एक हात उठला आणि गळ्याकडे गेला. भंते हात पुढे करून बसून राहिले.

तिने ताट बाजूला ठेवलं. दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे केली.

"उपाशीपोटी घ्यायची असते," ती म्हणाली. "पहाटे."

"मग पहाटे."

"पण हे सगळं जाणार कधी, भंतेजी? एकदा कधीतरी जाणार ना?"

भंतेंच्या पोटात मोठ्याने गुरगुरलं. दोघांनीही ऐकलं.

"ही रोज येते," भंते म्हणाले. "कधी जाणार, असं मी तिला अजून विचारलं नाही."