एवढी एक खोट

“पण ही विजेची गाडी एकदा भरली, की जाते किती?” सखाबुवांनी विचारलं.

“तीनशे.” उल्हास उंबऱ्याबाहेरच उभा होता. एक चप्पल पायात, एक काढलेली. “कंपनी चारशे सांगते. पण घाट, एसी, मागं बसलेली घरची माणसं धरली, की तीनशे.”

“आत ये. बस की.”

“नको बुवा. अंधाराच्या आत पुणं गाठायचंय.”

उल्हास कोकणात आईला भेटून परत चालला होता. घाटमाथ्यावर बुवांची मठी लागते, तिथं तो जाता-येता डोकावायचा. आपल्याकडे गाडी घ्यायची म्हणजे सोयरीकच जमवायची. दहा जणांना विचारल्याशिवाय चैन पडत नाही. उल्हासचं उलट होतं. सोसायटीतले दहा जण त्याला विचारून गाड्या घ्यायचे. विजेची बरी की पेट्रोलची, यावर तो तासभर बोलायचा, आणि ऐकणारा उठू लागला तर त्याला राग यायचा. स्वतःच्या गाडीपाशी मात्र सहा महिने घोडं अडलेलं.

बुवांनी चहा ओतला. कप उंबऱ्यावर ठेवला.

“खर्चाला कशी?”

“घेताना महाग. पण पेट्रोलला किलोमीटरमागे सात रुपये जातात, तिथं हिला एक.”

“पळायला?”

“ते तर विचारूच नका. हा घाट माझी पेट्रोलची धापा टाकत चढते. ती हूं की चूं करणार नाही.”

“मग घे.”

“एक खोट आहे ना.” स्थळातलं व्यंग सांगावं, तसा त्याचा आवाज खाली आला. “आईचं घर पुण्याहून एकशे नव्वद. म्हणजे जायला पुरते, यायला नाही. वाटेतल्या चार्जिंगचा भरवसा नाही, गावात तर सोयच नाही. घरातल्या साध्या प्लगला लावली, तर रात्रभर लागते. पेट्रोलचं बरं, पाच मिनिटांत टाकी भरली की निघालो.”

“आई काय म्हणते?”

“तिला गाडीतलं काय कळतंय? मी दारात पोचलो, की एकच विचारते. राहायला आलास, की उभ्या उभ्या?”

बुवांनी उंबऱ्यावरचा कप त्याच्याकडे सरकवला.

“आणि गादी उन्हात टाकून ठेवते. दर खेपेला. ब्याऐंशीची झाली, पण ऐकेल तर...”

“आजपण टाकली होती?”

“हो.”

“मग?”

“मग काय... निघताना मीच उचलून आत ठेवली. तिला जड होते आता.”

खाली घाटात एक ट्रक गिअर बदलत चढत होता. त्याचा आवाज वर येऊन विरला. चहावर साय धरली.

उल्हासनं घड्याळ बघितलं. वाकून कप उचलला, उभ्यानंच एक घोट घेतला.

“तर सांगा बुवा. अभ्यास माझा सगळा झालाय. ती सगळ्यात सरस आहे. रात्रभर तिथं अडकून पडायचं, एवढी एक खोट सोडली तर...”

बुवा उठून उंबऱ्यापाशी आले. खाली बसले आणि त्याची काढून ठेवलेली चप्पल हातात घेतली.

“अहो बुवा, हे काय करताय...”

पुण्याकडे तोंड केलेली ती चप्पल बुवांनी फिरवली, आणि कोकणात उतरणाऱ्या घाटाकडे तोंड करून परत खाली ठेवली.

“तेवढी खोट विकत घे, उल्हास. गाडी कोथिंबिरीसारखी, वर फुकट.”