कहाणी तळहातावरच्या दह्याची

ऐक पैलाई, तुझी कहाणी. आटपाट नगराला वेस एक, आणि वेशीपाशी गवळ्याचं घर. घरात सासू, तिचा एकुलता एक लेक, सून आणि सुनेची तान्ही पोर. गोठ्यात म्हशी, शिंक्यावर गाडगी, गाडग्यात सात पिढ्यांचं विरजण. दही असं लागे की गाडगं उपडं केलं तरी कवडी ढळू नये.

नगराची रीत अशी होती. लांब जाणाऱ्यानं सासूच्या दारात थांबावं, उजवा हात पुढे करावा. सासूनं तळहातावर दही ठेवावं. जाणाऱ्यानं ते चाटावं, 'येतो' म्हणावं आणि मग पाऊल टाकावं. दही घेऊन शिपाई जाई, तो परत येई. दही घेऊन व्यापारी जाई, तो परत येई. सासरी निघालेली पोर जाई, ती पहिल्या सणाला परत येई. त्यामुळे सासूचा मान मोठा होता, आणि तोरा मानाहून मोठा. एक मात्र होतं. ताक घुसळायला बसली की ती उत्तरेला पाठ करून बसे. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि तिला विचारायची छाती कुणाची नव्हती.

सुनेचं नाव भिवरा. कामाला वाघ, बोलायला कमी. एके दुपारी दारात एक वाटसरू बाई आली. तिच्या पायांना पांढरी माती लागली होती. तिनं ताक मागितलं, भिवरानं तांब्याभर दिलं. मग भिवरा म्हणाली, "बाई, अशी माती आमच्याकडं नाही. ही कुठली?"

बाई म्हणाली, "उत्तरेला जावं. सात नद्या लागतात, तीन घाट लागतात. मग काळी माती सरते, पांढरी लागते. तिथं पैलाई बसली आहे. तिच्या देवळाला दार नाही, नुसता उंबरा आहे."

बाईनं परत दिलेला तांब्या भिवराच्या हातून खाली पडला. ना तिनं तो देश पाहिला होता, ना तिचं तिथं कुणी होतं. तरी तिला वाटलं, आपण तिथल्याच, इथं चुकून राहिलो आहोत. माहेरची आठवण येते ना बायांनो, तशी ही ओढ नव्हती. माहेर निदान पाहिलेलं असतं.

बाईनं तिच्याकडं निरखून पाहिलं. म्हणाली, "तुला हाक आली. आता वसा घे. मार्गशीर्षातल्या पहिल्या मंगळवारी न्हावं, उंबऱ्याला हळद लावावी, घरातल्या वडील बाईपुढं हात करून दही मागावं. दिलं तर निघावं. नाही दिलं तर वर्षभर थांबावं, पुन्हा मागावं. असं तीनदा मागावं. चोरून जाऊ नये, रडून मागू नये. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये."

"आणि तीनदा नाही म्हटलं तर?"

"तर पैलाई नेईल. कशी नेईल, ते विचारू नये."

मग काय झालं? दळताना भिवराचा हात थांबायचा. पाणी भरताना घागर भरून वाहायची, ती उत्तरेला बघत उभी असायची. शेजारणी म्हणायच्या, हिला बाहेरचं लागलं. सासू म्हणायची, हिला काम कमी पडतं.

पहिल्या वर्षी मार्गशीर्ष आला, मंगळवार आला. भिवरा न्हाली, उंबऱ्याला हळद लावली, हात पुढे केला. "आत्याबाई, पैलाईला जायचं आहे. दही द्या."

सासू म्हणाली, "पोर अंगावर पिते आहे. तिला टाकून गेलीस तर देवीसुद्धा तोंड फिरवील." हे खरंच होतं. भिवरानं हात मागं घेतला, वर्षभर थांबली.

दुसऱ्या वर्षी मार्गशीर्ष आला, मंगळवार आला. "आत्याबाई, दही द्या."

सासू म्हणाली, "दोन म्हशी व्यायला झाल्या आहेत. माझ्या एकटीच्यानं होत नाही." हे अर्धंच खरं होतं. लेक कोपऱ्यात उभा होता, तो म्हणाला, "आई, जाऊ दे तिला. मी सोबत जातो, दोन महिन्यांत परत येऊ." सासू म्हणाली, "तू मध्ये बोलू नकोस." तो गप्प बसला. गप्प बसणाऱ्याला कहाणीत नाव नसतं, म्हणून मी त्याचं नाव सांगत नाही. भिवरानं हात मागं घेतला, वर्षभर थांबली.

आता तुम्ही म्हणाल, निघून जायचं होतं तिनं. म्हणायला काय जातं? उंबऱ्याच्या आत बसून आपण सगळ्याच शूर असतो.

तिसऱ्या वर्षी मार्गशीर्ष आला, मंगळवार आला. पोर पायांनी चालत होती. म्हशी दुधावर होत्या. सासूजवळ एकही कारण उरलं नव्हतं, आणि कारण संपलं की माणूस चिडतं. भिवरानं हात पुढे केला. सासू चुलीपाशी बसली होती. तिनं चुलीतली चिमूटभर राख घेतली, सुनेच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "हे घे तुझं दही."

भिवरानं मूठ मिटली. आत गेली, उत्तरेला तोंड करून निजली. दिवेलागणीला सासूनं हाक मारली, तिनं ओ दिली नाही. लेकानं जाऊन पाहिलं, अंग गार पडलं होतं. मूठ उघडायला चार बायका लागल्या, तरी उघडली नाही. मिटल्या मुठीनंच तिला नेली.

दुसऱ्या दिवशी सासूनं दूध तापवलं, विरजण लावलं, गाडगं शिंक्यावर ठेवलं. सकाळी पाहते तर दूध नासलेलं. गाडगं घासलं, उन्हात वाळवलं, पुन्हा लावलं. पुन्हा नासलं. विरजणाऐवजी लिंबू पिळलं, चिंच घातली. तरी नासलं. सात पिढ्यांचं विरजण, ते मेलं. नगरातल्या ज्या ज्या घरी तिचं विरजण गेलं होतं, त्या त्या घरी तेच झालं.

मग माणसं दह्यावाचून गावाला जाऊ लागली. शिपाई गेला, त्याचा घोडा तेवढा परत आला. व्यापारी गेला, त्याचा निरोपही आला नाही. सासरी निघालेली पोर गेली, तिच्या आईनं चार सण दाराकडं बघत काढले. लोक वेशीशी आले की थुंकून पुढं जायचे.

लेक म्हणाला, "आई, पलीकडच्या गावाहून विरजण आणतो." सासू म्हणाली, "तुझ्या हातावर ठेवायला माझ्याकडं काही नाही रे." तो म्हणाला, "दोन कोसांवर तर जायचं." तो गेला. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस झाला, महिना झाला. दोन कोस गेलेला माणूस परत आला नाही.

घरात उरल्या दोघी, म्हातारी सासू आणि भिवराची चार वर्षांची पोर ठकू. म्हातारी एक दिवस ठकूकडं बघत बसली. आता हिचं काय, हा एकच घोर तिला लागला. मग तिनं पोरीला शेजारणीच्या पदरात घातलं, म्हणाली, "मी पैलाईला जाते." शेजारीण म्हणाली, "दह्यावाचून?" तेवढ्यात ठकू पुढं आली. तिनं आजीचा हात ओढला, आपलं कोरडं बोट आजीच्या तळहातावर टेकवलं. "आजी, दही नाही. पण तू 'येते' म्हण."

म्हातारी म्हणाली, "येते." आणि निघाली.

एक नदी ओलांडली. काठावर परटीण धुणं धूत होती. म्हातारीनं वाट विचारली. परटीण म्हणाली, "कशाला निघालीस?" म्हातारी म्हणाली, "देवदर्शनाला, चार पुण्याच्या गोष्टी करायला." परटिणीनं वाट दाखवली. म्हातारी दिवसभर चालली आणि फिरून त्याच काठावर आली.

मग धनगर भेटला. "कशाला निघालीस?" "विरजण आणायला." त्यानंही वाट दाखवली. म्हातारी दिवसभर चालली आणि फिरून त्याच काठावर आली.

मग नावाडी भेटला. "आजी, कशाला निघालीस?" म्हातारीच्या पायांना फोड आले होते, खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. ती म्हणाली, "सुनेनं दही मागितलं, मी तिच्या हातावर राख ठेवली. ती पुसायला निघाले." नावाड्यानं नाव पुढं घातली. सात नद्या सरल्या, तीन घाट सरले. काळी माती सरली, पांढरी लागली.

पाहते तर देऊळ. त्याला दार नव्हतं, नुसता उंबरा होता. उंबऱ्याच्या अलीकडच्या पायरीवर भिवरा बसलेली. उजवा हात पुढे केलेला, तळहातावर राख.

भिवरा म्हणाली, "आत्याबाई, आलात? बसा. दमला असाल."

म्हातारीनं विचारलं, "तू आत का गेली नाहीस?"

"मला इथवर आणली. पण दह्यावाचून उंबरा ओलांडता येत नाही. आतला दिवा मला इथून दिसतो. तेवढा बघत बसते."

म्हातारीनं तिचा हात हातात घेतला. पदरानं राख पुसली, निघेना. पाण्यानं धुतली, निघेना. मग म्हातारी पायरीवर गुडघे टेकून बसली आणि सुनेचा तळहात जिभेनं चाटला. राख निघाली. त्या दिवसापासून म्हातारीच्या तोंडाची चव गेली, ती कायमची.

मग दही कुठून आणायचं? पायथ्याशी एक शेळी चरत होती. म्हातारीनं ओंजळीत धार काढली. दूध होतं, पण विरजण नव्हतं. ओंजळ पुढं धरून ती सुनेपाशी बसली. सूर्य कलला, हात भरून आले, दूध तसंच राहिलं. शेवटी म्हातारी खाली बघत बोलू लागली.

"भिवरा, तुझी ओढ खोटी नव्हती. मला ठाऊक होतं. मी तुझ्याएवढी असताना मलाही आली होती. याच देशाची, याच दिव्याची. मी सासूपुढं हातच केला नाही. भ्याले. उत्तरेला पाठ केली आणि उभा जन्म घुसळत बसले. नगराच्या हातावर दही ठेवलं, माझ्या हातावर कुणी ठेवलं नाही. मग तू हात केलास, तो मला बघवला नाही. मी नाही गेले, तर तू का जावंस, असं वाटलं मला. एवढंच होतं. पोर आणि म्हशी ही नुसती निमित्तं होती."

बोलून झालं आणि तिला हात जड लागले. पाहते तर ओंजळीत कवडीचं दही.

तिनं ते सुनेच्या तळहातावर ठेवलं. भिवरानं चाटलं. एक कवडी तिनं बाजूला काढली, पळसाच्या पानात बांधली, सासूला दिली. "एवढं विरजणाला न्या. माझी ठकू कशी आहे?"

"तुझ्यावर गेली आहे," म्हातारी म्हणाली.

भिवरा उठली. "येते, आत्याबाई," म्हणाली, उंबरा ओलांडून आत गेली. ती काही परत आली नाही. कहाणी लांबवायची म्हणून मी खोटं सांगणार नाही.

म्हातारीचंही पाऊल उचललं. उंबरा हातभर अंतरावर होता, दिवा समोर होता, उभ्या जन्माची ओढ पायांत उतरली होती. पण तळहातावर ठकूचं कोरडं बोट टेकलेलं होतं. तिनं पाऊल मागं घेतलं. डोळे भरून दिवा पाहिला आणि वळली. तीन घाट, सात नद्या ओलांडून घरी आली.

विरजण लावलं, दही लागलं. घरोघरी विरजण गेलं, घरोघरी दही लागलं. पुढं जे गेले ते परत आले. आधी गेलेले मात्र आले नाहीत, लेकही आला नाही. लोक म्हणायचे, म्हातारे, दही काय गोड आहे. ती म्हणायची, असेल बाबा. तिला चव कळत नव्हती. घुसळायला मात्र आता ती उत्तरेला तोंड करून बसे.

असं करता करता बारा वर्षं झाली. मार्गशीर्ष आला, मंगळवार आला. म्हातारी शिंक्याखाली बसली होती. ठकू न्हाऊन आली. उंबऱ्याला ओली हळद दिसली. ठकूला वसा कुणी सांगितला नव्हता, वाटसरू बाई आली नव्हती. तरी ती उत्तरेला तोंड करून दारात उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला.

घरात दुसरं माणूस नव्हतं, डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, ही एकच काठी होती हाताशी. कारणं म्हणाल तर शंभर होती, आणि सगळी खरी होती.

म्हातारी उठली. गाडगं उतरवलं. हात इतका थरथरत होता की डावा हात उजव्याला लावावा लागला. तिनं पोरीच्या तळहातावर दही ठेवलं. ठकूला दुसऱ्यांदा मागावं लागलं नाही.

ठकूनं चाटलं. "येते, आजी," म्हणाली.

म्हातारीनं कधी येशील ते विचारलं नाही. पोर दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राहिली. मग आत गेली, म्हशी वाट बघत होत्या.

पैलाई, भिवरा पायरीवर अडली, तशी कुणी लेक, कुणी सून न अडो. सासूच्या हातून राख पडली, तशी आमच्या हातून न पडो. ठकूच्या तळहातावर दही पडलं, तसं तुम्हां आम्हां सगळ्यांच्या पडो. आता बायांनो, वाटी फिरवा. शेजारणीच्या हातावर दही ठेवा, हात थरथरला तरी ठेवा. साठ उत्तरांची ही कहाणी पाच उत्तरांत आटवली, देवीच्या उंबऱ्याशी ठेवली, इथं ती सुफळ झाली, संपूर्ण झाली.