चंद्रीचं तिसरं इंजेक्शन

“माझं चुकलं काय, ते तरी सांगा चाचा.”

हुसेनचाचा उकळत्या पाण्यातून एकेक चिमटा बाहेर काढत होते.

तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात चाचा तीस वर्षं मलमपट्टी, इंजेक्शनं करणारे ड्रेसर होते. डॉक्टर आले आणि बदलून गेले, चाचा तिथंच राहिले. पशुसंवर्धनाची पदविका करणारी पोरं महिनाभर त्यांच्या हाताखाली शिकत. शेवटी वहीतल्या ‘स्वतंत्रपणे इंजेक्शन देता येते’ या ओळीपुढं त्यांची सही घेऊन जात. सही नसेल तर परीक्षेला बसता येत नसे.

प्रणोती घाडगे वर्गात पहिली आलेली. औषधांची नावं तोंडपाठ, आणि हात इतका स्थिर की बघत राहावं. तिचा महिना परवा संपत होता.

त्या सकाळी हौसाबाईंची चंद्री म्हैस आली होती, कासेला दगडी झालेली, कास सुजून कडक झालेली. डॉक्टरांनी तीन दिवसांची तीन इंजेक्शनं लिहून दिली. चंद्रीला खोड्यात घातलं, दोघांनी शिंगं धरली, दोघांनी दावं ताणलं, आणि प्रणोतीनं एका दमात काम उरकलं. औषधाचा थेंब सांडला नाही.

“चुकलं कायबी न्हाई,” चाचा अखेर म्हणाले.

“मग सही?”

“उद्या दुसरं हाय की तिला.”

म्हातारा उगाच ताणतोय, असं प्रणोतीला वाटलं. त्या दिवशी ती जेवली तीही रागातच.

दुसऱ्या दिवशी चंद्री फाटकापर्यंत आली. प्रणोतीचा पांढरा कोट तिला दिसला आणि चारी पाय रोवून ती उभी राहिली. ओढलं, ढकललं, चुचकारलं. म्हैस तसूभर पुढं येईना.

“काल तर गुमान आली हुती,” हौसाबाई पुटपुटल्या.

चाचा बाहेर आले. दावं सैल सोडायला लावलं. मग चंद्रीच्या मानेला टेकून उभे राहिले आणि हौसाबाईंना विचारू लागले, धाकटीचं बाळंतपण कुठं करायचं ठरलंय, इथं की सासरी? बोलता बोलता म्हशीची मान खाजवली. मुठीच्या पाठीनं हलकेच थोपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा…

“सासू म्हनती तिकडंच करू,” हौसाबाई सांगत होत्या. चंद्री रवंथ करत होती.

चाचांनी रिकामी सिरिंज प्रणोतीच्या हातात ठेवली.

ती बघतच राहिली. सुई कधी गेली आणि कधी आली, ते समोर उभं राहूनही तिला दिसलं नव्हतं. पुस्तकात स्नायूचं नाव होतं, औषधाची मात्रा होती. हे कुठल्याच पानावर नव्हतं. या माणसावर आपण काल चिडलो, याची तिला मनापासून लाज वाटली.

तिसरा दिवस हा तिचा शेवटचा दिवस.

कोट खुंटीला अडकवून ती तासभर आधीच फाटकापाशी जाऊन बसली. चंद्री आली, थबकली. प्रणोती उठली नाही. तिनं हिरव्या कडवळाची पेंडी पुढं सरकवली आणि वाट बघितली. बऱ्याच वेळानं चंद्रीनं तोंड घातलं, तेव्हा ती उठली. मान खाजवली. हौसाबाईंना धाकटीची खुशाली विचारली. थोपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा…

चंद्रीचं अंग थरथरलं. तिनं एक पाय मागं घेतला. मग परत वैरण खाऊ लागली.

औषध नीट गेलं होतं, पण प्रणोतीचा चेहरा उतरला. तिनं सिरिंज धुतली, वही पिशवीत टाकली आणि चाचांच्या पाया पडली.

“येते चाचा. पुढच्या वर्षी पुन्हा शिकायला येईन.”

“वही कुठाय?”

“नको. हलली ती. पुढचा डावा पाय मागं घेतला तिनं.”



“आन् पहिल्या दिशी किती हलली हुती?”

प्रणोतीनं आठवून बघितलं. खोडा आठवला, दावं ताणणारे आठवले, आपली सुई आठवली.

“माहीत नाही,” ती हळूच म्हणाली. “मी बघितलंच नव्हतं.”

चाचांनी खिशातलं पेन काढलं आणि वहीसाठी हात पुढं केला.

“आज तारीख काय?”