आकडे न जुळणारं रिव्हॉल्व्हर

"मग हे कुठलं?" उस्तादांनी विचारलं.

शार्दूलने रिव्हॉल्व्हर उघडून ते रिकामं असल्याची खात्री केली. मग खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. नळीवर खडूची पूड चोळून फुंकर मारली. पुसट अक्षरं पांढरी होऊन वर आली.

"इंग्लंडातलं. साल एकोणीसशे सोळा. हा मुकुट आणि खालचा आकडा तपासनिसाचा. हा बाण म्हणजे सरकारी माल."

"आणि हे?"

"दोन बाण, टोकाला टोक लावलेले. म्हणजे नंतर सैन्याने ते विकून टाकलं."

तो एकदाही अडखळला नाही. चार वर्षं तो उस्ताद दस्तगीर शिकलगारांकडे शिकत होता. उस्तादांनी सैन्यात तीस वर्षं हत्यारं दुरुस्त केली होती. आता कवायत मैदानाजवळच्या छोट्या शस्त्रसंग्रहालयात ते जुन्या हत्यारांची ओळख पटवत, आणि त्यांच्या सहीच्या दाखल्यावर त्या हत्याराचं पुढे काय करायचं ते ठरे.

समोरच्या बाकावर बाबूराव खामकर बसले होते. रिव्हॉल्व्हर त्यांनी आणलं होतं, धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून. त्यांचे आजोबा सुभेदार होते. पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या आघाडीवर तीन वर्षं हे त्यांच्या कमरेला होतं आणि परतताना त्यांनी ते रीतसर विकत घेतलं, असं बाबूरावांचं म्हणणं होतं. कागद घराला आग लागली तेव्हा गेले. आता जिल्हा कचेरीतून हत्यार जमा करण्याचं पत्र आलं होतं. लढाईतलं असेल तर ते संग्रहालयात राहील, खाली आजोबांचं नाव लागेल. भंगारातून जोडलेलं असेल तर भट्टीत वितळवतील.

शार्दूलने सांगाड्यावरचा आकडा वाचला. चार, चार, एक, सात. मग गोळ्या भरायचा फिरता सिलिंडर त्याने बोटाने वळवला.

त्यावर होतं दोन, शून्य, नऊ, सहा.

त्याने रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं.

"आकडे जुळत नाहीत, उस्ताद. कारखान्यात दोन्हींवर एकच आकडा घालतात. हे दोन रिव्हॉल्व्हरांचे तुकडे आहेत. सैन्याने मोडीत काढलं, कुणा दुकानदाराने जोडून विकलं."

बाबूरावांना ते पटलं नाही. आजोबा दुकानात जाऊन हत्यार घेणाऱ्यातले नव्हते, असं ते दोनदा म्हणाले. शार्दूलने त्यांना शांतपणे समजावलं, की माणसं सांगताना वाढवून सांगतात, लोखंड तसं करत नाही.

बाबूराव बाकावर पुढे सरकले. मग त्यांनी धोतर जरा वर करून गुडघ्यावरचा व्रण दाखवला.

"ह्यो गुडघा मिरजंला बसवलाय, सायब. डावा जुना हाय, उजवा नवा. मग काय म्या बाबूराव न्हवं?"

उस्ताद हसले. शार्दूल हसला नाही. त्याने दाखला लिहायला घेतला होता. अक्षर सुरेख होतं. लिहून झाल्यावर तो म्हणाला, आजचा सरळच आहे, आजची सही मी केली तर चालेल का. हे तो गेले सहा महिने अधूनमधून विचारत आला होता.

 उस्ताद उठले आणि कोपऱ्यातलं खाकी कांबळं जमिनीवर अंथरलं. मग कपाट उघडून त्याच जातीची चार रिव्हॉल्व्हरं काढली. संग्रहालयाचीच होती, बार उडू नये म्हणून आतून निकामी केलेली.

"साफ कर."

"चारही?"

"चारही. मैदानावर कवायतीची शिट्टी वाजली की जोडलेली पाहिजेत."

शार्दूलने नेहमीप्रमाणे लाकडी ताटल्या आणायला पाऊल उचललं. संग्रहालयात एका हत्याराला एक ताटली, ताटलीत त्याच्या नावाची चिठ्ठी, अशी रीत होती. उस्तादांनी मान हलवली.

"कांबळ्यावर."

शार्दूल मांडी घालून बसला. त्याने स्क्रू सैल केले, सिलिंडर काढले, नळ्यांतून तेलाची चिंधी ओढली. त्याचे हात चपळ होते. उस्ताद खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि मध्येच, किती झालं, असं विचारत होते. बाबूराव बाकावरून वाकून बघत होते. घाईत शार्दूलचा एक सिलिंडर घरंगळत गेला, तो त्यांनी पायाने अडवून परत सरकवला.

शिट्टी वाजली.

शेवटचा स्क्रू तेव्हाच बसला होता. शार्दूलने चारही रिव्हॉल्व्हरं ओळीने मांडली. कपाळावर घाम होता, पण चेहरा खूश होता.

"वाच," उस्ताद म्हणाले.

त्याने पहिलं उचललं. सांगाडा पाहिला, सिलिंडर पाहिला. जुळलं.

दुसरं उचललं...

ते खाली ठेवलं. तिसरं उचललं. मग पुन्हा दुसरं.

"कुठल्या दुकानदाराने जोडलं रे?" उस्तादांनी विचारलं.

खाली मैदानावर कुणीतरी पोरांकडून कवायत करून घेत होतं. त्याचे आकडे ऐकू येत होते.

"घाई होती, उस्ताद..."

"बसऱ्याला नव्हती?"

 शार्दूल उठला, लिहिलेला दाखला फाडला आणि नवा कागद घेतला. अस्सल आहे, सुभेदारांचंच आहे, असं लिहितो, म्हणाला.

उस्तादांनी कागदावर तळहात ठेवला.

"तू बघितलंस?"

"नाही."

"मग?"

शार्दूलने रिव्हॉल्व्हर उचलून दोन्ही आकडे पुन्हा वाचले. उस्तादांनी हात काढून घेतला. मग त्याने सावकाश लिहिलं. या वेळी अक्षर तितकं सुरेख आलं नाही. साल लिहिलं, मुकुट, बाण, सगळं लिहिलं. सिलिंडर वेगळ्या आकड्याचा आहे, तो वापरात असतानाही बदललेला असू शकतो, नंतरही बदललेला असू शकतो, केव्हा बदलला ते सांगता येत नाही. घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे हे सुभेदार हैबतराव खामकर यांचं.

त्याने ते बाबूरावांना वाचून दाखवलं.

"म्हंजी भट्टी का?" बाबूरावांनी विचारलं.

"नाही. सैन्यातलं आहे एवढं नक्की आहे. जोडलेलं आहे असं मी म्हटलेलं नाही. ते इथेच राहील."

बाबूरावांनी मान डोलावली. धोतराचं पान त्यांनी झटकलं, चार घड्या घालून पिशवीत ठेवलं.

शार्दूलने कागद उस्तादांपुढे सरकवला. उस्तादांनी तो वाचला आणि परत त्याच्याकडे सरकवला, वर आपलं पेन ठेवून.

"सही कर."

"मी नको, उस्ताद," शार्दूल म्हणाला. "मला आता कशाचीच खात्री वाटत नाही."

"होती, तेव्हा मी तुला करू देणार नव्हतो."