रिकाम्या पोत्याचा निरोप

एका गावात एक चुरमुरेवाली राहत होती. तिचं नाव तुळसाक्का. तिच्या भट्टीतली वाळू तापली आणि तिने त्यात तांदूळ टाकले, की ते अशा काही उड्या मारत फुलायचे की पोटभर जेवून आलेला माणूसही नकळत हात पुढे करायचा.

चुरमुरे तुळसाक्काचे, पण खपायचे ते डोंगरापलीकडच्या देवीच्या गावात. तिथे वर्षभर यात्रेकरू येत आणि चैत्रात मोठी जत्रा भरे. गावातला शेतकरी तुळसाक्काला तांदूळ द्यायचा, ती ते भाजायची, गाडीवान पोती घेऊन डोंगर ओलांडायचा आणि पलीकडचा दुकानदार चुरमुरे मापाने विकायचा. चौघंही सरळ मनाची आणि कष्टाळू होती. तरीही चौघांनी मिळून एकदा असा काही घोळ घातला की त्याची गोष्ट झाली.

झालं असं, की त्या मुलखात एक रीत होती. चार पाहुणे येणार असले की पानं सहा मांडायची. कुणी उपाशी उठता कामा नये. रीत चांगलीच होती आणि ती अंगात इतकी मुरली होती, की लोक स्वयंपाकाबाहेरही तीच पाळायचे.

एके दिवशी देवीच्या गावात पैलवानांचा मोठा जथा उतरला आणि दुकानातले चुरमुरे दुपारीच संपले. दुकानदाराला दोन पोती कमी पडली होती. हाताशी असावीत म्हणून त्याने गाडीवानाला चार सांगितली. गाडीवानाला वाटलं, घाटात थोडे सांडणार, शिवाय पुन्हा हेलपाटा कोण घालणार? त्याने तुळसाक्काला आठ सांगितली. तुळसाक्का म्हणाली, थोडे करपतील, थोडे पोरं खातील. तिने शेतकऱ्याकडे सोळा पोत्यांचे तांदूळ मागितले. शेतकऱ्याला वाटलं, चुरमुऱ्यांचे दिवस आले. त्याने अख्खी कणगीच तिच्या अंगणात आणून ओतली. यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. प्रत्येकाने फक्त दोन पानं जास्त मांडली होती.

चुरमुरे डोंगरापलीकडे पोहोचले तोवर पैलवान आपापल्या गावी जाऊन झोपलेसुद्धा होते.

मग काय विचारता! दुकान आढ्यापर्यंत भरलं. उरलेली पोती तुळसाक्काच्या घरी परत आली. खाटेखाली चुरमुरे, माळ्यावर चुरमुरे, आणि मांजरीने तर चुरमुऱ्यांच्या ढिगातच पिल्लं घातली. गावाने सकाळी चुरमुरे खाल्ले, संध्याकाळी चुरमुरे खाल्ले, चुरमुऱ्यांचे लाडू वळले. शेवटी शेवटी गाईसुद्धा ते बघून तोंड फिरवू लागल्या. तेवढ्यात हवा दमट झाली आणि उरलेसुरले सगळे सादळले.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दुकानदाराने पुढे बरेच दिवस काही मागवलंच नाही. मागवलं तेव्हा भीतभीत मागवलं, गाडीवानाने त्यातलंही निम्मंच सांगितलं, तुळसाक्काची भट्टी थंड आणि शेतकऱ्याने तांदूळ दुसरीकडे विकलेले. आणि नवरात्रात देवीच्या दारी माणसांचा पूर लोटला तेव्हा दुकानात मूठभर चुरमुरे नव्हते.

भांडण व्हायचं ते झालंच. दुकानदाराने गाडीवानाला बोल लावला, गाडीवानाने तुळसाक्काला, तुळसाक्काने शेतकऱ्याला. शेतकऱ्याच्या मागे कुणी नव्हतं म्हणून त्याने बैलांवर राग काढला. शेवटी दुकानदाराने निर्वाणीचा निरोप धाडला. येत्या चैत्राच्या जत्रेत असंच झालं तर तो नदीकाठच्या भट्टीवाल्याकडून माल घेणार होता.

तुळसाक्का एकटी बाई. भट्टी विझली तर भावाच्या दारी जाऊन राहायची पाळी येणार होती. भाऊ बिचारा गरीब गाय होता, पण भावजयीच्या जिभेची कीर्ती तीन गावांत पसरलेली होती. तुळसाक्काला घास गोड लागेना.

अशातच गावात एक लग्न निघालं. अंगणात पंगत बसली होती, हशा चालला होता, आणि तुळसाक्का मागच्या दारी आचाऱ्याच्या चुलीजवळ गालाला हात लावून बसली होती. आचारी जिलब्या तळत होता. त्याला पंगत अजिबात दिसत नव्हती, मध्ये भिंत होती. तरी बाहेर कुणाचं पान रिकामं राहत नव्हतं आणि आत जिलबीचा ढीगही साठत नव्हता.

एक वाढपी धावत आला आणि म्हणाला, वरपक्षाची माणसं फार खातायत, आणखी चार पराती लागतील. आचाऱ्याने मान वर केली नाही.

“आधीची परात कुठंय?” त्याने विचारलं.

परात बाहेरच होती, अर्धी भरलेली. वाढपी जीभ चावून परत गेला. थोड्या वेळाने तो रिकामी परात घेऊन आला, तेव्हा आचाऱ्याने ती लगेच गरम जिलब्यांनी भरून दिली.

तुळसाक्काने गालावरचा हात काढला. “दादा, तो मागत हुता तवा का दिलं न्हाई?”

“आक्का, तोंडानं माणूस कायबी मागतं,” आचारी हसून म्हणाला. “भीतीनं मागतं, हौसंनं मागतं. रिकामं भांडं तेवढं खरं बोलतं. ते आलं की मी भरतो. फकस्त पीठ भिजवून आन् तूप तापवून बसायचं, म्हंजी भांड्याला थांबाया लागत न्हाई.”

तुळसाक्का उठली आणि थेट पंगतीत जाऊन बसली. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी तिने नवी पोती शिवली. गाडीच्या दोन खेपांच्या मधल्या काळात जेवढी खपतात त्याहून थोडीशीच जास्त. प्रत्येक पोत्यावर तिने आपल्या हाताचा पंजा गेरूने उठवला. मग तिने तिघांनाही घरी बोलावलं, चहा पाजला आणि आपलं म्हणणं सांगितलं. इथून पुढे तोंडी निरोप बंद. दुकानात पंजाचं पोतं रिकामं झालं की गाडीवानाने ते आणायचं. जेवढी रिकामी पोती येतील तेवढीच ती भरून देणार. शेतकऱ्याकडेही ती आपली रिकामी पाटी पाठवणार, आणि त्याने ती पाटी भरून द्यायची.

दुकानदार म्हणाला, पोत्याला काय कळतं? गाडीवान म्हणाला, रिकामी पोती वाहून माझे बैल हसतील. तुळसाक्काने त्याला आठवण करून दिली, की येताना त्याची गाडी तशीही रिकामीच असते. शेतकऱ्याने लगेच मान डोलावली, कारण मागच्या खेपेला कणगी त्यानेच ओतली होती.

तर असं सुरू झालं. तुळसाक्का तांदळाला मीठ लावून, वाळवून, तयार करून ठेवायची. असा वाळवलेला तांदूळ बरेच दिवस टिकतो, फुललेला चुरमुरा सादळतो. पोतं आलं की वाळू तापवायची आणि फुलवायची. दुकानात रोज कुरकुरीत माल जाऊ लागला. कमी पडत नव्हता, उरत नव्हता, आणि चौघांची भांडणंही बंद झाली. मांजरीला पिल्लांसाठी दुसरी जागा शोधावी लागली.

असं करता करता चैत्र उजाडला, आणि खरी परीक्षा आली ती तेव्हा.

जत्रेच्या आधी बातमी पसरली, की यंदा राजाची स्वारी येणार. हत्ती, घोडे, शेकडो माणसं. सगळ्या मुलखाला उत्साहाचं भरतं आलं. नदीकाठच्या भट्टीवाल्याने तर रात्रंदिवस चुरमुरे फुलवून घराच्या भिंतींना लावून पोती रचली. इकडे गाडीवान घाम पुसत तुळसाक्काच्या दारात आला.

“आक्का, राजाची स्वारी येतीया. दुकानदारानं सांगितलंय, वीस पोती जादा दे. म्या म्हंतो तीस दे.”

तुळसाक्काच्या हाताला खाज सुटली. तांदूळ तयार होते, भट्टी तयार होती. आणि राजा काय रोज येतो? नाही दिले आणि कमी पडले, तर दुकान गेलं, भट्टी गेली आणि भावजयीचं दार नशिबी आलं. दिले आणि उरले, तरी तेच दार. तिने गाडीत डोकावून पाहिलं. आत कडब्याच्या दोन पेंढ्या होत्या, बाकी काही नव्हतं.

“रिकामी पोती कुठंयत?” तिने विचारलं.

“अगं, आजून खपल्यात कुठं? म्हंजी खपतील की.”

“मग खपल्यावर या, दादा.”

गाडीवान रागावून, बैलांना उगीचच हाका मारत निघून गेला. तुळसाक्काने मात्र एक केलं. तिने शेतकऱ्याकडे जाऊन, गाडी कधीही येईल, तेव्हा पाटी भरायला घरीच थांबा, असं सांगितलं. भट्टीत निखारा राखून ठेवला आणि वाट बघत बसली.

राजाची स्वारी आली. त्या दिवशी एकही रिकामं पोतं आलं नाही. संध्याकाळ झाली तरी रस्त्यावर गाडी दिसेना. तुळसाक्काला वाटलं, दुकानदार नदीकाठच्या भट्टीवाल्याकडे वळला. तिने मनातल्या मनात भावजयीला गोड बोलायचा सरावसुद्धा करून पाहिला, पण तो काही जमेना.

खरी गोष्ट वेगळीच होती. हत्तीघोड्यांच्या धांदलीत तिथी कोणती, हे कुणी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी एकादशी होती. राजा एकादशीला पाण्याशिवाय काही घेत नसे. राजा उपाशी म्हटल्यावर सरदार उपाशी, सरदार उपाशी म्हटल्यावर शिपाई उपाशी. आणि राजासमोर बकाणा भरायची छाती जत्रेकरूंना तरी कुठून होणार? चुरमुऱ्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. नदीकाठच्या भट्टीवाल्याने जत्रेत आणलेली पोती डोंगरावरून उतरलेल्या धुक्यात रात्रभर उघड्यावर राहिली आणि सकाळपर्यंत त्यातले चुरमुरे ओल्या कापसासारखे झाले.

दुसरा दिवस द्वादशीचा. उपवास सुटला. अख्खी स्वारी आणि अख्खी जत्रा एकदमच भुकेली झाली. सादळलेल्या चुरमुऱ्यांचा पहिला घास घेऊन एका सरदाराने असं तोंड केलं, की पुढचं गिऱ्हाईक थेट आपल्या दुकानदाराकडे वळलं. तिथे पंजाची पोती होती, तोंडं घट्ट बांधलेली, आतला माल कुरकुरीत. बघता बघता ती रिकामी झाली.

दिवस कलायच्या आत गाडीवान घुंगरं वाजवत तुळसाक्काच्या दारात हजर. या वेळी त्याने कुठलाच आकडा सांगितला नाही. त्याने पंजाची सगळी रिकामी पोती तिच्यापुढे टाकली आणि स्वतःच भट्टीला लाकडं लावायला बसला. वाळू तापली, तांदूळ नाचू लागले. शेतकरी पाट्या भरून देत होता. गरम चुरमुऱ्यांची गाडी डोंगर चढत होती, रिकाम्या पोत्यांची उतरत होती. पौर्णिमेपर्यंत गाडी अशी धावली, की बैलांनाही जत्रेची हौस वाटू लागली. एकही माणूस दुकानातून विन्मुख गेला नाही आणि जत्रा उठली तेव्हा उरलं होतं ते फक्त अर्धं पोतं.

पोती परत आली तेव्हा तुळसाक्काने पाहिलं, एक कमी होतं.

“त्ये राजाच्या हत्तीनं खाल्लं,” गाडीवान म्हणाला. “चुरमुऱ्यासकट.”

तुळसाक्का डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिने सुईदोरा घेतला आणि नवं पोतं शिवायला बसली. तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. पाहते तर भावजय उभी, जत्रेतून परतताना वाट वाकडी करून आलेली. तिने पदराआडून एक रिकामी वाटी काढली आणि तुळसाक्काच्या पुढे धरली. आयुष्यात पहिल्यांदाच ती एकही शब्द बोलली नाही.

तुळसाक्काने वाटी भरली. घरचं माणूस होतं, म्हणून वर दोन मुठी जास्तच घातल्या.

तात्पर्य एवढंच: पानात दोन घास जास्त वाढावेत, निरोपात मात्र एक दाणाही वाढवू नये.