पाठमोरी वेळ

भिक्षू सुनेत्र गावात कोण काय दान करतो आणि ते कोणाला मिळते याची यादी करू लागला आहे, हे संघाच्या गुरूंच्या, म्हणजे शास्त्यांच्या, कानावर आले. सुनेत्राचा हेतू वाईट नव्हता, म्हणून शास्ते त्याला रागावले नाहीत. “सुनेत्रा, ही हौस तुझी आजची नाही, आणि त्या वेळी ती माझीही होती,” एवढे ते म्हणाले. मग त्यांनी एका मागल्या जन्माची हकीकत सांगितली.

कुंभवती नगरावर विजितसेन राजाची सत्ता होती त्या काळी बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. त्याचे नाव नंदिक. त्या नगरात प्रत्येक घराच्या रस्त्याकडच्या भिंतीत एक कोनाडा असे. दिवेलागणीला घरातली बाई त्यात पेज, भाकरी, मूठभर तांदूळ, जे असेल ते ठेवी, दार लावून घेई आणि भिंतीकडे पाठ करून बसे. या घटकेला लोक पाठमोरी वेळ म्हणत. ज्याला गरज असेल तो तेवढ्यात येऊन घेऊन जाई. कोणी नेले हे कोणी पाहत नसे आणि दुसऱ्या दिवशी कोणी विचारतही नसे.

पुढे राजाला कोणीतरी सांगितले की, हल्ली दानधर्म आटला, पूर्वीसारखी माणसे राहिली नाहीत. असे सांगणारे कुठल्याही काळात भेटतात. पण राजाच्या मनाला ते लागले. तो नंदिकाला म्हणाला, “अमात्य, लोकांचे देणे कसे बदलते आहे, ते नीट शोधून काढा.”

नंदिक कामाचा पक्का होता. त्याने चाळीस माणसे नेमली. ती पाठमोऱ्या वेळी गल्लीच्या तोंडाशी उभी राहत, कोनाड्यात काय ठेवले आणि कोणी नेले ते पाहत आणि भूर्जपत्रावर टिपून घेत. कोणाला अडवायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही, अशी त्यांना ताकीद होती. नुसत्या बघण्याने कोणाचे काय बिघडणार, असे नंदिकाला वाटले.

पंधरा दिवसांत देणे खरोखरच बदलले. आपल्याकडे कोणीतरी बघते आहे म्हटल्यावर पेजेच्या जागी तूपभात आला, मग लाडू आले, एका सराफाने तर कोनाड्याला तोरण बांधले. ज्यांच्या घरी पेजच होती, त्यांना ती ठेवायची लाज वाटू लागली. राजा खूश झाला. महिना संपता संपता माणसांनी कळवले की कोनाडे सकाळीही भरलेलेच असतात, लाडवांना मुंग्या लागतात.

“म्हणजे राज्यात गरीबच उरला नाही!” राजा म्हणाला.

नंदिकाला मात्र चैन पडेना. त्याने सगळी पाने पहिल्यापासून वाचायला घेतली. उत्तर वेशीजवळच्या गल्लीच्या पहिल्या पानावर लिहिले होते : ‘पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी. वाटीभर पेज नेली. जाताना कोनाड्यात सुताची लड ठेवली.’ चौथ्या दिवसानंतर म्हातारीचा उल्लेख कुठेच नव्हता. त्या गल्लीत सूत कातणारी एकच म्हातारी राहत होती, ती म्हणजे नंदिकाच्या दिवंगत गुरूची पत्नी तिष्या. तिच्या हातचे खाऊन तो लहानाचा मोठा झाला होता, आणि ती उपाशी असेल हे त्याच्या कधी मनातही आले नव्हते.

तो पेजेचे भांडे घेऊन धावत गेला. तिष्या चटईवर पडून होती. तिचे हात काड्यांसारखे झाले होते.

“आई, थोडं घ्या.”

“नंदिका, तुझा माणूस कोपऱ्यावर उभा होता रे. त्याने मान खाली घातली. त्याला माझी कीव आली.”

“चूक माझी आहे. मी त्या सगळ्यांना काढून घेतो. तुमच्या घरी मी इतकी वर्षं जेवलो ना?”

“तू लहान होतास. लहानाला कसली लाज?” ती क्षीण हसली. “हे ठेव आणि जा, बाळ.”

“मी पाठ करून बसतो, आई. अजिबात बघणार नाही.”

“आता तू पाठ केलीस तरी मी तुला दिसेनच,” ती म्हणाली आणि तिने भांडे बाजूला सारले.

नंदिकाने वैद्य आणला, शेजारणीच्या हातून दूध पाठवले. ते कोणाकडून आले हे ती ओळखी आणि परत पाठवी. पाचव्या दिवशी ती गेली.

त्याच सुमारास राजाने देणाऱ्यांची नावे शिळेवर कोरायचे ठरवले, आणि घेणाऱ्यांना दरबारात बोलावून वस्त्रे द्यायचेही. त्याने यादी मागितली.

“महाराज, यादी मी नदीत सोडली,” नंदिक म्हणाला.

“मग नावे तोंडाने सांगा. नाहीतर अमात्यपद सोडा.”

नंदिकाने मुद्रा काढून राजासमोर ठेवली आणि एकही नाव न सांगता तो निघून गेला.

तो तिष्येच्या झोपडीत राहू लागला. रोज दिवेलागणीला तो कोनाड्यात पेज ठेवी आणि भिंतीकडे पाठ करून बसे. पहिली दोन वर्षे पेज तशीच राहिली, आणि ती तो सकाळी गाईला घाली. तिसऱ्या वर्षी एका सकाळी भांडे रिकामे दिसले. माणसाने नेली की कुत्र्याने खाल्ली, हे नंदिकाने शोधले नाही. बाकीच्या नगरात ती चाल पुन्हा कधी सुरू झाली नाही. लोकांनी कोनाडे बुजवून टाकले.

हे सांगून शास्ते म्हणाले, “तेव्हाचा राजा आज सुनेत्र आहे. तिष्या म्हणजे आपल्या विहाराच्या फाटकाबाहेर रोज पाण्याचा माठ भरून जाणारी ती उपासिका. सुनेत्रा, तुझ्या यादीत तिचे नाव नाही, ते तसेच राहू दे. आणि नंदिक मी होतो. घेणाऱ्याची लाज राखणे हीसुद्धा दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता, आहे. ती मी त्या जन्मी शिकलो, पण तिष्येला त्याचा काही उपयोग झाला नाही.”